हौद्याचे अस्तर : धाराशिव जिल्ह्याच्या दृष्टीने एक आढावा

मालवाहू गाडी घेताना मनुष्य इंजिनाची ताकद, टायरांची अवस्था आणि कागदपत्रांचा चोखपणा यांची जितक्या बारकाईने चौकशी करतो, तितक्या बारकाईने तो, ज्यासाठी गाडी घ्यावयाची, त्या हौद्याची चौकशी करीत नाही. आणि परिणाम असा होतो की, इंजिन अजून धडधाकट असता, कर्जाचे हप्तेही कदाचित पुरते फिटले नसता, हौद्याचा तळ मात्र कडेच्या सांध्यांपासून कुरतडला जातो आणि गाडी वेल्डिंगवाल्याच्या दारात उभी राहते. या नुकसानीस आळा घालण्यासाठी हौद्याच्या आतल्या अंगास जाड, चिवट आणि खरबरीत असा रासायनिक लेप फवारण्याची पद्धत अमेरिकेत गेल्या तीन-चार दशकांत रूढ झाली; तिची साधने आता आपल्याकडेही मागविता येतात, आणि पिकअपच्या मालकाने हे काम स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या हाताने करावे, असे आमंत्रण ती साधने विकणारे देत असतात. हे आमंत्रण कोणत्या अटींवर स्वीकारावे, आणि समुद्रापासून दूर, उष्ण व अवर्षणप्रवण अशा धाराशिव जिल्ह्यात त्याचा लाभ किती, या बाबींचा एकत्र विचार कोणी फारसा केलेला दिसत नाही. म्हणून हा आढावा.

मालवाहतूक या मुलखास नवी नाही. ग्रीक व्यापाऱ्यांचे तगर म्हणजे तेरणेच्या काठचे आपले तेर होय. आणि इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या सागरी व्यापारविषयक ग्रंथात, पैठण व तगर येथील माल, त्यांत तगरचे विविध प्रकारचे कापड, धड रस्ते नसलेल्या विस्तीर्ण प्रदेशातून गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरास नेला जात असल्याची नोंद आहे. पुढील काळात बैलगाडीस तट्ट्या लावून शेणखत वाहणे, आणि बांबूची कणगी आतून-बाहेरून शेणामातीने सारवून मगच तीत ज्वारी भरणे, हा इथल्या शेतकऱ्याचा शिरस्ताच होता. ज्या भांड्यात माल राहावयाचा त्याच्या आतल्या अंगाचा बंदोबस्त आधी करावा, ही समज आपल्या खेड्यांत जुनी आहे. वाहन लोखंडाचे झाले तेव्हा मात्र लोखंडाच्या अंगभूत मजबुतीवर विसंबून आपण ती बाजूस ठेवली.

आज जिल्ह्यातून दोन मोठे राष्ट्रीय महामार्ग जातात. सोलापूरहून नळदुर्ग, उमरगामार्गे हैदराबादकडे जाणारा ६५ क्रमांकाचा, आणि सोलापूरहून तुळजापूर, धाराशिव, येरमाळामार्गे बीडकडे जाणारा ५२ क्रमांकाचा. परंतु हौद्याची खरी झीज या महामार्गांवर होत नाही. ती होते शेतापासून बाजार समितीपर्यंतच्या, खडीच्या ढिगापासून बांधकामापर्यंतच्या आणि उसाच्या फडापासून कारखान्यापर्यंतच्या दहा-वीस मैलांत. ढोकीचा तेरणा, नळदुर्गचा तुळजाभवानी, रांजणीचा नॅचरल शुगर, मुरूमचा विठ्ठलसाई अशी कारखान्यांची नावे घेतली म्हणजे उसाची वाहतूक या जिल्ह्यात किती पसरलेली आहे हे ध्यानी येते. तोडलेल्या उसातून पाझरणारा रस स्वभावतः किंचित आम्ल असतो आणि तो पत्र्याच्या खाचेत साठून आंबला म्हणजे त्याची आम्लता आणखी वाढते. सोयाबीन आणि तूर यांची पोती पत्र्यास फारसा अपाय करीत नाहीत. पण त्याच गाडीतून परतीच्या खेपेस येणारी खते करतात. म्युरेट ऑफ पोटॅश हे रासायनिकदृष्ट्या पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे मिठाच्याच कुळातले असून, फाटक्या पोत्यातून सांडलेली त्याची मूठभर भुकटी एखाद्या पावसाळी रात्रीत जेवढे नुकसान करते तेवढे महिनाभराचे ऊनही करीत नाही. उस्मानाबादी शेळी या जिल्ह्याचे जुने नाव देशभर नेणारी जात. आठवडी बाजारातून तिची ने-आण करणाऱ्या गाड्यांत मूत्र आणि लेंड्या यांचा ओला थर कोपऱ्यांत साचून राहतो, आणि तोही गंजास पोषकच ठरतो. मुरूम, खडी आणि वाळू यांच्या घर्षणाने रंग खरवडून निघतो व धातू उघडा पडतो. आणि जो धातू मुरुमाने उघडा केला तोच पुढल्या खेपेस खताच्या आणि ओलाव्याच्या स्वाधीन होतो. एकाच गाडीने आज खडी, उद्या खत, परवा शेळ्या वाहाव्यात ही आपल्या छोट्या वाहनमालकाची गरज आहे, आणि त्याच्या हौद्याचा नाश या मिश्र वाहतुकीतच आहे.

याच हौद्यात माणसेही बसतात. भूम, वाशी, कळंब या तालुक्यांतून ऊसतोडीस जाणारी कुटुंबे आपल्या बिऱ्हाडासह, लेकराबाळांसह मालवाहू गाड्यांतून प्रवास करतात, ही गोष्ट कायद्याच्या दृष्टीने कशीही असली तरी वस्तुस्थिती आहे. ओल्या, गुळगुळीत पत्र्यावर पाय घसरून होणाऱ्या दुखापती आणि फाटलेल्या पत्र्याच्या धारदार कडांनी होणाऱ्या जखमा यांचा हिशेब कोणत्याही दप्तरात नोंदला जात नाही. हौद्याच्या अस्तराचा विचार केवळ गाडीची पुनर्विक्रीची किंमत टिकविण्यासाठी करावयाचा नसून या माणसांसाठीही करावयाचा आहे, असे मला मनापासून वाटते.

गंजाचे शास्त्र थोडक्यात असे की, लोखंड, पाणी आणि प्राणवायू हे तिघे एकत्र आले म्हणजे गंज चढावयाचाच. क्षार आणि आम्ल हे त्या क्रियेचा वेग वाढवितात. अमेरिकेच्या व युरोपच्या थंड भागांत रस्त्यावरील बर्फ वितळविण्यासाठी मीठ टाकतात, आणि तेथील गाड्या प्रामुख्याने त्या मिठाने खाल्ल्या जातात. आपल्याकडे ते संकट नाही, किनारपट्टीची खारी हवाही नाही. बालाघाटाच्या पठारावर पाऊस वर्षाकाठी साडेसातशे मिलिमीटरच्या आगेमागे, आणि तोही बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. तेव्हा कोकणातील किंवा परदेशातील अनुभव येथे जसाच्या तसा लागू करणे चुकीचे होईल. आपल्याकडे पत्रा हवेमुळे गंजत नाही, हौद्यात साठून राहिलेल्या मालाच्या अवशेषांमुळे गंजतो. काही धातू स्वतःचे रक्षण स्वतः करतात हे खरे. परंड्याच्या किल्ल्यावरून १६३२ साली विजापुरास नेलेली मलिक-ए-मैदान तोफ शतकानुशतके उघड्यावर असूनही शाबूत आहे, कारण ती मिश्रधातूची ओतीव असून तिच्या पृष्ठावर हवेने जो थर चढला तोच तिचे कवच ठरला. लोखंडाचा गंज मात्र सच्छिद्र असतो. तो लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, फुगतो, पापुद्र्याने सुटतो आणि खालचा नवा धातू उघडा करतो. लोखंडास कवच बाहेरूनच द्यावे लागते.

कारखान्यातून आलेल्या गाडीस असे कवच असते, पण ते पातळ. वाहनाच्या रंगाचे सर्व थर मिळून जाडी सुमारे एक दशांश मिलिमीटर भरते, आणि खडीच्या पहिल्या दहा-पाच खेपांतच तळावरील हा रंग नाहीसा होतो. त्यावर आपल्याकडे जे उपाय प्रचलित आहेत त्यांची दखल घेतल्यावाचून नव्या उपायाचे मूल्यमापन न्याय्य होणार नाही. सर्वांत सार्वत्रिक उपाय म्हणजे रेड ऑक्साइडचा हात मारून वर सिंथेटिक इनॅमल लावणे. तो स्वस्त आहे, कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, आणि पासिंगच्या, म्हणजे गाडी योग्यता-तपासणीस नेण्याच्या सुमारास वाहन सुबक दिसावे इतपत त्याचे आयुष्य असते; घर्षणापुढे तो टिकत नाही. डांबराचा लेप पाण्यास रोखतो, पण चैत्र-वैशाखातील उन्हात मऊ होऊन पोत्यांना चिकटतो; धान्याच्या गाडीस तो सर्वथा वर्ज्य. प्लायवुड अंथरले तर त्याखाली ओल दडून राहते. जुना कन्व्हेयर पट्टा अंथरणे हा त्या मानाने चांगला उपाय असून, वारंवार उचलून खालचा भाग धुण्याची शिस्त पाळणाऱ्यास त्यापासून पुष्कळ लाभ होतो. तळावर दुसरा पत्रा वेल्ड करून घेणे हा मजबुतीचा उपाय समजला जातो. परंतु नऊ फूट लांब व साडेपाच फूट रुंद तळावर तीन मिलिमीटर जाडीचा पत्रा चढविला तर सुमारे १०८ किलो वजन गाडीवर कायमचे बसते, म्हणजे प्रत्येक खेपेस दोन पोती माल कमी, आणि दोन पत्र्यांच्या मधल्या फटीत शिरलेले पाणी निघण्यास वाट नाही. परदेशांत प्लास्टिकचे साचेबंद अस्तर हौद्यात बसविण्याची जी पद्धत होती तिच्यातही हाच दोष निघाला: अस्तराखाली अडकलेली वाळू गाडीच्या हादऱ्यांनी रंग घासून काढी, आणि मालकास ते वर्षानुवर्षे दिसतही नसे.

पत्र्यास सर्वांगाने चिकटून बसणारे, मध्ये फट न ठेवणारे अस्तर हवे, ही गरज त्यातूनच निर्माण झाली. पॉलियुरेथेनचा शोध १९३७ साली जर्मनीत ओटो बायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी लावला; पॉलियुरिया हा त्याचा अधिक चपळ भाऊबंद १९८० च्या दशकात अमेरिकेत फवारणीयोग्य झाला; आणि त्याच दशकाच्या अखेरीस, १९८८ साली, सॅन दिएगो येथे ऱ्हायनो लायनिंग्ज ही कंपनी निघून हौद्यात अस्तर फवारण्याचा व्यवसाय मोठ्या प्रमाणावर सुरू झाला. आज या पदार्थांचे तीन वर्ग करता येतात. पहिला वर्ग यंत्रसामग्रीच्या पॉलियुरियाचा: दोन द्रव साठ-सत्तर अंशांपर्यंत तापवून, दर चौरस इंचास दोन हजार पौंडांच्या आसपास दाबाने, बंदुकीच्या तोंडाशीच एकत्र करावयाचे, काही सेकंदांत थर घट्ट होतो आणि दोन-तीन मिलिमीटर जाडी एकाच बैठकीत मिळते. हा सर्वांत टिकाऊ. परंतु ते यंत्र आणि ते कसब अंगणात आणता येत नाही, तेव्हा स्वहस्ते काम करणाऱ्याच्या दृष्टीने त्याचा विचार येथेच संपतो.

दुसरा वर्ग द्विघटकी पॉलियुरेथेनचा. ब्रिटनच्या यू-पोल कंपनीचे ‘रॅप्टर’ हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण: तीन भाग मूळ द्रवात एक भाग हार्डनर मिसळून, बाटली हलवून, तीच बाटली एका साध्या बंदुकीस जोडावयाची आणि सामान्य कॉम्प्रेसरच्या हवेने फवारावयाची. रंगकाम करणाऱ्या कोणत्याही गॅरेजात असतो तो कॉम्प्रेसर यास पुरतो. तिसरा वर्ग एकघटकी, हवेतील बाष्प शोषून पक्का होणारा. अमेरिकेतील ‘हर्क्युलायनर’सारख्या लेपांत रबराचे बारीक कण मिसळलेले असून ते रोलरने व ब्रशने लावतात. या तिसऱ्या वर्गाविषयी आपल्या हवामानाच्या संदर्भात एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. बाष्पावर पक्का होणारा लेप एप्रिलच्या कोरड्या दुपारी हट्टाने ओला राहतो, तर भर पावसाळ्यात इतक्या घाईने पक्का होतो की, क्रियेत निर्माण होणारा कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडण्यापूर्वीच पृष्ठ बंद होऊन आत बुडबुडे राहतात. जाड थर एकदम दिला तर हा दोष हमखास येतो. पातळ थर, आणि दोन थरांमध्ये डब्यावर सांगितलेला अवधी, हाच त्यावर तोडगा.

आता या पदार्थांची जी बाब जाहिरातींत सर्वांत बारीक अक्षरांत असते ती येथे ठळकपणे मांडणे माझे कर्तव्य आहे. द्विघटकी लेपाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट वर्गाची द्रव्ये असतात. भोपाळ येथे १९८४ च्या डिसेंबरात ज्या वायूने अनर्थ केला तो मिथाइल आयसोसायनेट याच रासायनिक कुळातील. हार्डनरमधील द्रव्य ते नव्हे आणि तितके उडणारेही नव्हे, हे लगेच सांगितले पाहिजे, कारण निष्कारण भय पसरविण्याचा येथे हेतू नाही. तथापि फवारणीत या द्रव्याचे सूक्ष्म तुषार हवेत तरंगतात, ते श्वासावाटे फुप्फुसात जातात, आणि त्यांपासून जडणारा दमा हा रंगकाम करणाऱ्यांचा जगभर ओळखला जाणारा व्यवसायजन्य विकार आहे. एकदा शरीर या द्रव्यास संवेदनशील झाले की पुढे अत्यल्प मात्राही तीव्र झटका आणण्यास पुरेशी होते, आणि त्या माणसाचा तो धंदा संपतो. तोंडास बांधलेला गमछा किंवा औषधाच्या दुकानातील साधा मास्क येथे काहीही कामाचा नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरविणारा मुखवटा हाच खरा उपाय, आणि तो आपल्या तालुक्याच्या गॅरेजांत सहसा आढळत नाही. शिवाय यातील द्रावकांची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते व ठिणगीने पेट घेते. आपल्याकडे वेल्डिंग आणि रंगकाम बहुधा एकाच पत्र्याच्या शेडखाली, दहा हातांच्या अंतरावर चालते. अशा जागी फवारणी करणे म्हणजे अपघातास पाचारण होय.

या कारणामुळे, सर्व बाजूंचा विचार करून, माझे मत असे झाले आहे की, स्वहस्ते काम करणाऱ्या मालकाने फवाऱ्याचा मोह सोडावा आणि रोलर व ब्रश यांचा अवलंब करावा. रोलरने तुषार उडत नाहीत, त्यामुळे धोका पुष्कळच कमी होतो; पूर्णपणे जात नाही, म्हणून मोकळी हवा, रबरी हातमोजे, डोळ्यांस चष्मा आणि सेंद्रिय वाफा शोषणाऱ्या डब्यांचा मुखवटा एवढी तजवीज तरीही हवीच. फवाऱ्याने पोत अधिक एकसारखा येतो हे मान्य. परंतु मुरूम वाहणाऱ्या हौद्याच्या तळास प्रदर्शनात ठेवावयाचे नसते. लेपाच्या आयुष्यात फवारा की रोलर या भेदाने जो फरक पडतो, तो पूर्वतयारीतील कसुरीने पडणाऱ्या फरकाच्या मानाने अगदीच क्षुल्लक आहे.

पूर्वतयारी हाच या सर्व प्रकरणाचा गाभा, आणि तिच्यासाठी लेपाच्या कितीतरी पट वेळ ठेवला पाहिजे. प्रथम हौद्यातील कड्या, आकडे, रबरी पट्ट्या आणि शक्य असल्यास फाळका उतरवून घ्यावा. त्यानंतर साबणाच्या पाण्याने आणि दाबाच्या फवाऱ्याने, विशेषतः तळ व बाजू जेथे मिळतात त्या सांध्यांतील माती, खत आणि उसाचा चोथा निघेपर्यंत, धुवावे. तेल व वंगण पाण्याने जात नाही. त्यासाठी द्रावकाचे फडके फिरवावे, आणि फडके वारंवार बदलावे, नाही तर तेच तेल सर्वत्र सारखे पसरण्यापलीकडे काही साधत नाही. चिरा आणि भोके यांचे वेल्डिंग लेपापूर्वीच उरकावे. लेप दिल्यानंतर त्याच पत्र्यावर वेल्डिंग केल्यास लेप जळून अत्यंत विषारी धूर निघतो, म्हणून पुढे कधी गाडी वेल्डिंगवाल्याकडे नेली तर आत कोणते अस्तर आहे हे त्यास आधी सांगणे ही मालकाची जबाबदारी आहे. गंज तारेच्या ब्रशने व ग्राइंडरने धातू चमकेपर्यंत काढावा. खाचांत उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक आम्लाचे गंजनिवारक लावून, सूचनेप्रमाणे धुऊन, पूर्ण वाळवावे. शिल्लक राहिलेला मूळ रंग घट्ट असेल तर काढण्याची गरज नाही, पण त्याची चकाकी ८० ते १८० नंबरच्या पॉलिशपेपरने सर्वत्र मारली पाहिजे. चकचकीत पृष्ठावर लेप धरत नाही, आणि कोपऱ्यात तळहाताएवढी जागा घासावयाची राहिली तरी पुढे तेथूनच लेपाची कड सुटते.

येथे आपल्या प्रचलित वहिवाटीतून उद्भवणारा एक विशेष धोका आहे. ज्या हौद्यास पूर्वी रेड ऑक्साइड व सिंथेटिक इनॅमल लावलेले आहे, त्यावर द्विघटकी लेप दिला असता त्यातील तीव्र द्रावकांनी खालचा इनॅमल, विशेषतः तो अलीकडचा असल्यास, फुगून सुरकुततो आणि वरच्या नव्या लेपासकट उचलला जातो. परदेशी डब्यांवरील सूचना कारखान्याच्या भट्टीत पक्क्या केलेल्या रंगास उद्देशून लिहिलेल्या असतात. आपल्या गाड्यांवर मध्येच कोणी, केव्हा, काय फासले याचा दाखला त्यांत कोठून असणार? म्हणून जुना इनॅमल शक्य तितका काढून टाकावा, उघड्या धातूस इपॉक्सी प्रायमर द्यावा, आणि संशय असल्यास एखाद्या कोपऱ्यात वीतभर जागी लेप लावून एक दिवस वाट पाहावी. एवढ्या दक्षतेने पुष्कळांचे पैसे आणि श्रम वाचतील.

वेळेची निवड हाही जिल्ह्याच्या दृष्टीने स्वतंत्र विचाराचा विषय आहे. उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांवर जातो आणि उन्हात उभ्या गाडीचा पत्रा त्याहून कितीतरी तापतो; अशा पत्र्यावर द्रावक झटक्यासरशी उडून थरात सुईच्या टोकाएवढी छिद्रे राहतात, आणि मिसळलेला द्विघटकी लेप, जो वीस अंशांस तासभर वापरता येतो, तो अर्ध्याहून कमी वेळात डब्यातच गोळा होतो. तापमान दहा अंशांनी चढले की रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, एवढे सूत्र ध्यानात ठेवले तरी पुरे. पावसाळा तर वर्ज्यच. हिवाळा उत्तम, परंतु गाळप हंगाम तेव्हाच चालू असतो व गाडी उभी ठेवणे परवडत नाही. शिवाय पहाटे पत्र्यावर दव असते. पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान तीन अंशांनी अधिक असावे आणि हवेची सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत असावी, हा औद्योगिक लेपनाचा सर्वमान्य नियम आहे. सामान्य माणसाने त्याचा अर्थ इतकाच घ्यावा की, ऊन वर आल्यानंतर सावलीत काम सुरू करावे आणि दुपार कलण्यापूर्वी शेवटचा थर उरकावा. या सर्वांचा मेळ घातला तर पाऊस ओसरल्यापासून कारखान्यांचे बॉयलर पेटेपर्यंतचे दिवस सर्वांत सोयीचे ठरतात. दसऱ्यास वाहन धुऊन, रंगवून त्याची पूजा करण्याची आपली वहिवाटही त्याच सुमारास येते. त्या निमित्ताने होणारा इनॅमलचा खर्च जर एका वर्षी खऱ्या अस्तराकडे वळविला तर पुढील कित्येक दसरे केवळ धुण्यावर भागेल.

माल किती लागेल याचा हिशेब प्रत्येकाने स्वतः करावा, कारण विक्रेत्यांच्या आकड्यांत जाडीचा उल्लेख क्वचितच असतो. समजा, हौदा नऊ फूट लांब, साडेपाच फूट रुंद आणि कडा दीड फूट उंच आहे. तळ साडेएकोणपन्नास व चारही बाजू साडेत्रेचाळीस, असे मिळून त्र्याण्णव चौरस फूट, म्हणजे सुमारे ८.६ चौरस मीटर क्षेत्र होते. वाळल्यानंतर अर्धा मिलिमीटर जाडी राहावी असे वाटत असेल तर ४.३ लिटर घन पदार्थ पृष्ठावर उरला पाहिजे. आणि लेपातील घनांश आकारमानाने साठ टक्के धरला तर सात लिटरांहून अधिक द्रव लागेल, वाया जाईल तो निराळा. चार लिटरांच्या एका संचात मोठा हौदा उरकणाऱ्यास जे मिळते ते अस्तर नसून जाडसर रंग असतो. पैसे मोजकेच असतील तर सर्वत्र पातळ लेप देण्यापेक्षा तळ आणि कडांचा खालचा निम्मा भाग पुरेशा जाडीने झाकून वरचा भाग साध्या रंगावर सोडणे अधिक शहाणपणाचे.

प्रत्यक्ष लेपनाविषयी थोडकेच सांगावयाचे आहे. सांधे, वेल्डिंगच्या रेषा आणि बोल्टांच्या भोवतालची जागा यांस प्रथम ब्रशने लेप द्यावा, मग रोलर फिरवावा. दुसरा थर पहिल्याच्या आडवा द्यावा. पाणी निघून जाण्यासाठी तळास असलेली छिद्रे बुजू देऊ नयेत. ती बुजली तर हौद्यात ओल साठण्याची जी व्याधी दूर करावयाची तीच बळावते. गाडी दुसऱ्या दिवशी चालविता येते, परंतु जड किंवा टोकदार माल सात दिवस लादू नये, आणि धान्य, खवा किंवा दुधाचे कॅन लेपाचा वास पूर्ण गेल्याशिवाय त्यात ठेवू नयेत. रंगाविषयी एक सूचना: परदेशांत हे अस्तर बहुधा काळे असते, परंतु आपल्या उन्हात काळा तळ असह्य तापतो, आणि त्यावर उभ्या राहणाऱ्या शेळ्यांच्या खुरांस व माणसांच्या तळव्यांस ते सोसावे लागते. करडा किंवा फिकट रंग घ्यावा. तो अॅलिफॅटिक वर्गातील असल्यास उन्हाने पिवळा पडून भुकटी सुटण्याचा दोषही टळतो.

हे अस्तर सर्वच गाड्यांस हितकर आहे असे मात्र नाही. खाणीतून दगड वाहणाऱ्या टिपरांच्या हौद्यात यंत्राच्या बादलीतून मणामणाचे दगड कोसळतात. त्या आघातापुढे अर्ध्या मिलिमीटरचा लेप फाटतो आणि फाटलेल्या जागेतून आत शिरलेले पाणी त्याखाली पसरत जाते. तेथे हार्डॉक्ससारखे कठीण पोलादच हवे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीस, जिचा पत्रा मुळातच जाड असतो आणि जी वर्षातून काही महिनेच चालते, हा खर्च परवडेलच असे नाही. खरा लाभ पिकअपला, ‘छोटा हत्ती’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लहान टेम्पोला आणि त्यांच्या मालकांना: पातळ पत्रा, मिश्र माल आणि एकाच गाडीवर अवलंबून असलेले घर.

कायद्याची अडचण यात नाही, पण मर्यादा माहीत असावी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलांशी विसंगत असा फेरफार वाहनात करता येत नाही. आतल्या अंगाचे चार-पाच किलोंचे अस्तर त्यात मोडत नाही. परंतु तोच लेप हौसेखातर सबंध गाडीवर चढवून तिचा रंग बदलला तर प्रमाणपत्रातील रंगाची नोंद बदलून घ्यावी लागेल. व्यापारी वाहनास आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी योग्यता-तपासणीस उभे राहावे लागते. गंजलेल्या सांध्यांवर नुसता जाड लेप ओढून ते झाकण्याचा प्रयत्न जर कोणी करील, तर तो स्वतःच्या व रस्त्यावरील इतरांच्या जिवाशी केलेला दगा ठरेल.

शेवटी एक विनंती. तालुक्यांच्या ठिकाणच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी हे काम शिकविण्याचे मनावर घ्यावे, आणि शुद्ध हवा पुरविणाऱ्या मुखवट्याचा एखादा संच ठेवून तो स्थानिक रंगारी मिस्त्रींना भाड्याने द्यावा. मग फवारणीही येथे निर्धोकपणे होऊ शकेल. तोवर वाहनमालकांनी दोन दिवस घासण्या-धुण्यास द्यावेत, लेप रोलरने लावावा, मुले व जनावरे त्या दिवशी अंगणापासून दूर ठेवावीत, आणि खताची खेप उतरविल्यावर त्याच दिवशी हौदा पाण्याने धुवावा.